थाप

"येऊ का आत?" तिने सवयीने विचारलं आणि आतून उत्तर आलं, "चालेल." पलंग अजून दिसतही नव्हता. दारात ओले हात पुसत एक बाई उभी होती, तिच्या खांद्यापलीकडे अरुंद पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला खोली. पण शब्द तिने ओळखला. आवाज जाड झाला होता, जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसा, तरी शेवटचा 'ल' तसाच, उपकार केल्यासारखा लांबवलेला. असा 'चालेल' तिच्या माहितीत एकच माणूस म्हणत असे. जुन्या इमारतीत कुणी गच्चीवर गाद्या वाळत घालायची परवानगी मागितली, कुणी पाहुण्यांची गाडी आत लावू का म्हणून विचारलं, की सोसायटीचा सेक्रेटरी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आधी आभाळाकडे बघायचा आणि मग म्हणायचा, चालेल. तिने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या, आणि मगच दारातल्या बाईकडे नीट पाहिलं. काकूच होत्या, सेक्रेटरीची बायको. केस पार पांढरे आणि अंगाने निम्म्या झालेल्या. "या सिस्टर," काकू म्हणाल्या, "तुमचीच वाट बघत होतो." तुमची! लहानपणी शाळेत जायच्या आधी हिने आपल्या वेण्या घातल्यात, अगं हलू नकोस म्हणून डोक्यावर टपली मारलीय, आई गेल्यावर अण्णांना कामावरून यायला उशीर झाला की आपलं जेवण हिच्याच ओट्याशी झालंय, आणि आता तुमची. म्हणजे ओळखलंय. ओळखलं नसतं तर बाईने नाव विचारलं असतं, कुठल्या सेंटरवरून आलात म्हणून चौकशी केली असती. ओळखलंय आणि मधे हा 'तुम्ही'चा पडदा सोडलाय. ठीक आहे, तिला वाटलं, पडदा तर पडदा. "पेशंटला आजार होऊन किती दिवस झाले?" तिने विचारलं.

पेशंटच्या घरी गेलं की आधी हात धुवायचे. त्या दिवशी ती बराच वेळ हात धूत राहिली. गेली कितीतरी वर्षं ती हेच करत होती, घरोघरी फिरून हात धूत होती. न भरणाऱ्या जखमा, साखरेने सुन्न झालेली पावलं, ऑक्सिजनच्या नळ्या, पाठीवरचे व्रण. पुरानंतर नदीकाठच्या लोकांना गावाबाहेर उंचावर या नव्या इमारतींत आणून ठेवलं आणि तिच्या सेंटरवर आणखी एक वस्ती आली. या लोकांची दुखणी जुनीच होती, पण पुराने त्यांना जणू मोकळं रान दिलं होतं. गोळ्या वाहून गेल्या, त्यानंतर कुणी पुन्हा सुरूच केल्या नाहीत. दबलेलं ब्लडप्रेशर एखाद्या सकाळी डोक्यात फुटलं. इकडे आधी येणारी नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून तिच्या केसेस हिच्याकडे आल्या. केस म्हणजे उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, गिळायला त्रास. तिने नाव वाचलं होतं, पण या नावाची माणसं काय कमी आहेत. तिला तो कधी आठवायचा तो नावाने नाहीच. तो आठवायचा तो सेक्रेटरी म्हणून.

पलंगावर तो उजव्या कुशीला कलंडलेला होता. ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला, त्यातून लाळेची बारीक रेघ. डोळे मात्र जसेच्या तसे. ते डोळे तिच्यावर आले आणि तिथेच राहिले. मग धडधाकट डाव्या हाताने चादर मुठीत धरली. "चालेल," तो म्हणाला. "चालेल, चालेल, चालेल." काकू मागून म्हणाल्या, "एवढंच बोलतात. काय खाणार, चालेल. दुखतंय का, चालेल. परवा नळवाल्याने विचारलं, साहेब चालतात का, तर म्हणाले, चालेल." काकू हसल्या. हा विनोद त्यांनी बऱ्याच जणांना सांगितला असणार, हसणं झिजलेलं होतं. "सगळे शब्द गेले, तेवढा एक राहिला. आणि नेमकं तेवढंच होत नाही." तिने त्याची नाडी हातात घेतली. ती ससा पळावा तशी पळत होती. तिच्या बोटांखाली तो घाबरला होता. इतक्या वर्षांत तिने अनेक घाबरलेल्या नाड्या धरल्या होत्या आणि प्रत्येकीला म्हणाली होती, घाबरू नका. या नाडीला ती काही म्हणाली नाही. नुसती धरून बसली.

अण्णांनी जन्मभर लाकडाच्या वखारीत करवतीवर काम केलं. भुसा छातीत जाऊन बसला. "माझ्या छातीतून एक टेबल निघेल," ते म्हणायचे, "दोन खुर्च्यांसकट." आई गेल्यावर घरात दोघंच, बाप आणि लेक, पहिल्या मजल्यावर. घरात मशीन होतं ऑक्सिजनचं, ते भिंतीशी घोरायचं आणि अण्णा त्याला जावई म्हणायचे, कारण काम न करता घरात बसून वीज खातो. त्यांना कधीतरी संध्याकाळी गच्चीवर जायची हौस यायची, तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबावं लागे. आणि दम लागलाय हे कबूल करायचं नसल्यामुळे ते जिन्यात चिकटवलेल्या सूचना वाचत उभे राहायचे. सेक्रेटरीच्या हातच्या सूचना. जिन्यात चपला ठेवू नयेत. गच्चीचा वापर परवानगीशिवाय करू नये. "काय अक्षर आहे बघ," श्वास जागेवर येईपर्यंत अण्णा म्हणायचे, "छापल्यासारखं." दार वाजवायचे ते बोटाच्या पेराने, दोनदा, मग जरा थांबून तिसऱ्यांदा. हाक मारायचे नाहीत. हाकेला श्वास लागतो.

पूर आला तेव्हा ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाळेत उघडलेल्या छावणीत होती. सकाळी पाणी नुसतं रस्त्याच्या कडेला आलं होतं. अण्णा म्हणाले, जा तू, तिकडे लोकांना तुझी गरज आहे, इथे सगळी इमारत आहे माझ्याबरोबर. हे वाक्य तिला पुढे इतक्यांदा आठवलं की त्याचा अर्थच गुळगुळीत झाला. सगळी इमारत आहे माझ्याबरोबर. पाणी ओसरल्यावर ती गुडघाभर चिखलातून आत शिरली, जिना चढत वर गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत भिंतींवर ओल होती, तिथे ती संपली आणि वर कोरडा जिना सुरू झाला. सगळ्यात वरच्या पायरीवर, गच्चीच्या दाराला पाठ टेकून अण्णा बसले होते. कोरडे. त्यांचे मोजेसुद्धा कोरडे होते. उजव्या हाताची मधली दोन बोटं पेरांवर सोलवटलेली. दार पलीकडून, गच्चीच्या बाजूने लावलेलं. गच्चीवरच्या सगळ्यांना पलीकडून शिडीने बोटीत उतरवलं होतं, दार उघडायची कुणाला गरजच पडली नव्हती. डॉक्टरांनी फुप्फुसाचा जुना विकार म्हणून मृत्यू लिहिला. पुरात गेलेल्यांत अण्णांना कुणी धरलं नाही, कारण पाणी त्यांना शिवलंच नव्हतं.

तळमजल्यावरचा शिंपी छावणीत भेटला. त्याच्या पायात पत्रा घुसला होता, ती जखम बांधत असताना तिने विचारलं आणि तो पायाकडे बघत बोलत राहिला. "कडी सेक्रेटरींनी लावली. स्लॅबला तडा गेलाय म्हणाले, शेजारच्या बिल्डिंगची माणसं पण चढायला लागली होती. अजून भार आला तर सगळेच जाऊ." थाप ऐकली का कुणी? तिने विचारलं. शिंपी म्हणाला, "पाऊस होता. आवाज फार होता." मग हळूच, "ताई, माझ्या आईला त्यांनीच पाठीवर घेऊन वर आणलं. चार मजले. मी काय बोलू?" तिने पट्टीची गाठ मारली. पुढे चौकशीला साहेब लोक आले, तेव्हा सेक्रेटरी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, आम्हाला कुणाचीही थाप ऐकू आली नाही. तिला तेव्हा, सगळ्यांच्या देखत, हसू फुटलं. थाप ऐकू आली नाही म्हणणारा केवढी मोठी थाप मारत होता. लोकांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यानंतर इमारत पाडली, माणसं चार दिशांना पांगली, आणि तिच्या मनात एक प्रश्न आंघोळ करताना, बस पकडताना, दुसऱ्याच कुणाची जखम धुताना बोलत राहिला. ऐकली होती ना? कधी मनातला सेक्रेटरी खोटं बोलायचा, कधी पाया पडायचा, कधी उलट तिच्यावरच ओरडायचा. काय वाटेल ते करायचा, पण बोलायचा. आणि आता प्रत्यक्षात समोर आला तो जीभ गहाण टाकून.

"ती वस्ती लांब पडते तुला," सेंटरवरच्या इन्चार्ज बाई म्हणाल्या, "ती अर्धांगाची केस दुसरीला देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "करते मी."

तिने स्वतःशी काही शपथ वगैरे घेतली नाही. पण त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर कळलं की काहीतरी ठरलंय. हा माणूस असा सुटणार नाही. आजारपणाच्या आडोशाला बसून, लाळ गाळत, चालेल चालेल करत, सगळ्यांची कीव गोळा करत एक दिवस मरून जाईल, हे होऊ द्यायचं नाही. याला बसवायचं. याच्या तोंडात एकेक शब्द परत आणून घालायचा. आणि मग विचारायचं.

दर गुरुवारी जायचं होतं, ती सोमवारीही जाऊ लागली. लुळा खांदा निखळू नये म्हणून उशी कशी लावायची, टाचांना व्रण पडू नयेत म्हणून पाय कसे अधांतरी ठेवायचे, कुशी कधी बदलायची, हे तिने काकूंना शिकवलं आणि न सांगता मधेच येऊन तपासलं. चादरीला सुरकुती दिसली की ती एक शब्द न बोलता सगळी चादर काढून पुन्हा घालायची. पेशंटला जिभेने चमचा ढकलायला लावायची. गाल फुगवायला लावायची. मेणबत्तीवर फुंकर मारायला लावायची. ज्योत नुसती वाकायची आणि तो घामाघूम व्हायचा. "पुन्हा," ती म्हणायची. आवाज कधी चढला नाही. "पुन्हा, काका." काका म्हणताना तिला तोंडात खडा आल्यासारखं व्हायचं, तरी म्हणायची, म्हणण्यातच मजा होती. वाचा शिकवणारी बाई महिन्यातून एकदा यायची, तिने सांगितलं होतं की ओळीने पाठ असलेलं आधी परत येतं. म्हणून ती त्याच्याकडून वार म्हणून घ्यायची. सोमवार, मंगळवार. तो 'सो'वर अडकायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. ती वाट बघायची. वाट बघायला तिच्याइतकं कोण शिकलं होतं.

चित्रांचे पत्ते होते. कप, चप्पल, घड्याळ, दार. ती दाराचा पत्ता इतरांपेक्षा जास्त वेळा वर काढायची. "हे काय आहे, काका?" तो पत्त्याकडे बघायचाच नाही, तिच्याकडे बघायचा. "चालेल." "चालेल नाही. दा." त्याच्या गळ्याची शीर उडायला लागायची. एकदा तिने पत्ता तसाच धरून ठेवला, बराच वेळ, मग दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं तर काटा भलतीकडेच. तिने पत्ता खाली ठेवला. दया म्हणून नव्हे. प्रेशर फुटलं असतं परत डोक्यात, तर सगळी मेहनत पाण्यात. काकू दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "चहा ठेवलाय सिस्टर," म्हणाल्या आणि गेल्या. काकूंचा चहा नेहमी तिला हवा तसा असायचा, कमी साखरेचा, आलं न घातलेला. तिने तो कसा लागतो हे कधीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती आणि दोघीही ते बोलत नव्हत्या.

एका दुपारी मात्र तिचा हात थांबला होता. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. त्याला साधं पाणी चालत नसे. घशाचे स्नायू ढिले, पातळ पाणी सरळ श्वासनळीत उतरतं, म्हणून पावडर घालून पाणी दाट करूनच द्यायचं. त्याला ते आवडत नसे. कुणालाच आवडत नाही, खळ प्यायल्यासारखं लागतं. त्या दिवशी उकडत होतं. टेबलावर तिच्यासाठी काकूंनी ठेवलेला साध्या पाण्याचा पेला होता, बाहेरून घाम सुटलेला, आणि तो त्या पेल्याकडे बघत होता. डावा हात उचलून त्याने पेल्याकडे बोट केलं. मग तिच्याकडे. सगळा चेहरा त्या एका घोटासाठी उघडा पडला होता. तिने पेला उचलला. थंड होता. डोक्यात एक वाक्य आलं, आपलं आपण, स्वच्छ: एका घोटाने काही होत नाही, दोन घोटांनी होतं. कोरड्या अंथरुणात, कोरडे मोजे घालून माणूस पाण्याने जाईल. कुणी विचारणार नाही. अर्धांगाचे पेशंट असेच जातात. आणि लिहितील काय, फुप्फुसाचा विकार. किती बरोबर बसलं असतं ते, अगदी मापात. तिने पेला त्याच्या ओठांपाशी नेला. त्याने डोळे मिटले. विश्वासाने मिटले की आणखी कशाने, तिला कळेना. आणि तिला एकदम राग आला, डोकं तापवणारा, की मी तुला पाजणार आणि तू डोळे मिटून पिणार आणि संपलं? एवढं सोपं? तिने पेल्यात पावडर टाकली, ढवळली, घट्ट होईपर्यंत ढवळत राहिली, त्याला सरळ बसवलं, हनुवटी छातीला लावायला लावली आणि चमच्याचमच्याने तो सगळा पेला पाजला. शेवटच्या चमच्यापर्यंत. "असं प्यायचं," ती म्हणाली.

त्यानंतर पंधरवडाभराने त्याला ताप भरला. कुणीतरी भेटायला आलेल्या पाहुण्याने कौतुकाने बिस्किट भरवलं होतं. ती सोमवारची म्हणून गेली तर ओठ निळसर, छातीत घरघर. तो आवाज तिने ओळखला; ती त्या आवाजाच्या शेजारच्या खोलीत वाढली होती. तिने त्याला ओढून बसवलं, पाठीवर ओंजळीने थापट्या मारल्या, तोंडातला चिकटा बोटाने काढला, काकूंना ओरडून ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन बसली. "श्वास घ्या," त्याच्या कानात म्हणत राहिली. "घ्या. घ्यायचा. सोडून जायचं नाही. माझं काम झालेलं नाही अजून." हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने वय बघितलं, आजार बघितला आणि खांदे उडवले, तेव्हा ती त्याच्याशी असं भांडली की वॉर्डातल्या आयासुद्धा काम सोडून बघत राहिल्या. पलंग मिळाला. तो वाचला. काकूंनी कॉरिडॉरमध्ये तिचे दोन्ही हात धरले, बोलायला तोंड उघडलं आणि नुसत्या धरून राहिल्या. तिने हात सोडवून घेतले.

सेंटरवर तिचा बोलबाला झाला. महिन्याच्या मीटिंगला इन्चार्ज बाईंनी नव्या मुलींसमोर तिला उभं केलं. "बघा, हा पेशंट अंथरुणातून उठणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. आता काठी धरून बाथरूमपर्यंत जातो. औषधाने झालं का हे? आपुलकीने झालं. पेशंटला आपलं माणूस मानलं की असं होतं." मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने विचारलं, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही, सिस्टर? ती म्हणाली, "एकदा मनावर घेतलं की येत नाही." हे अगदी खरं होतं.

शब्द येऊ लागले. आधी वार, मग आकडे, मग कप. 'चालेल' हळूहळू मागे पडलं, जसजसे दुसरे शब्द जागा घेत गेले. पहिलं धड वाक्य काकूंच्या वाट्याला आलं. काकूंनी हातात कप दिला, त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "चहा... गार आहे." काकू हसतहसत रडल्या आणि रडतरडत म्हणाल्या, "बोलले ते बोलले, तक्रारच केली मेल्यांनी." तीही तेव्हा हसली. हसल्यावर तिला स्वतःची चीड आली. घरी जाऊन तिने अण्णांचा फोटो पुसला, पुसलेलाच होता तरी. या माणसाच्या घोटाघोटाची आपल्याला खबर आहे, तिला वाटलं, रात्री कोणत्या कुशीला झोपला, पोट कधी साफ झालं. अण्णांच्या शेवटच्या तासाची मात्र आपल्याला काही म्हणजे काही खबर नाही. ती याच्याकडे आहे. याच्या त्या मोडक्या डोक्यात कुठेतरी पडून आहे. माझी आहे ती. मी घेणार.

तो गुरुवार साधाच होता. सकाळचं ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलेलं. काकू स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, नळ चालू होता. तो खुर्चीत बसला होता, काठी गुडघ्यांमध्ये. पत्ते काढायच्या ऐवजी तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसली.

"काका, मला ओळखलंत?"

"पहिल्या..." तो थांबला, शब्द शोधला, "दिवशी."

"मग विचारू?"

त्याने मान हलवली. तिने वर्षानुवर्षं घोटलेलं लांबलचक वाक्य तोंडाशी आणलं आणि त्यातले फक्त दोनच शब्द बाहेर आले. "ऐकली होती?"

"थाप," तो म्हणाला.

"हो."

"ऐकली."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"कोण होतं माहीत होतं?"

"अण्णा. दोनदा... मग एक." त्याने डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर पेराने वाजवून दाखवलं. दोनदा, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा. तंतोतंत. तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण किंचाळू, त्याच्या तोंडात मारू. तिचे हात मांडीवर एकावर एक पडून राहिले. ते गार पडले होते एवढंच.

"मग उघडलं का नाही?"

तो नुसता काठीची मूठ चोळत राहिला. शब्द येत नव्हता म्हणून की येत होता म्हणून, ते त्याच्या तोंडावरून तिला सांगता आलं नाही; आणि त्याच्या तोंडाची एकूण एक हालचाल तिला पाठ होती.

"वाटलं..." तो म्हणाला, "थांबेल."

"आणि?"

"थांबली."

एवढं बोलून तो रडायला लागला. वाकडा ओठ आणखी ओढला गेला, नाकातून, तोंडातून, सगळीकडून रडं यायला लागलं. तिने याच रडण्याची किती वाट पाहिली होती. आणि आता त्याचं करायचं काय तिला कळेना, कारण अर्धांगाचे पेशंट रडतात. मेंदूतला लगाम तुटलेला असतो. टीव्हीवर कुत्रं दिसलं तरी रडतात, जांभई येता येता रडतात. तिनेच काकूंना हे समजावून सांगितलं होतं, मनावर घेऊ नका, ते खरं रडणं नसतं. याच्या अश्रूंवर कुणाची सही आहे कोण सांगणार? याने हेसुद्धा आपल्याला धड दिलं नाही, तिला वाटलं. "माफ," तो मधेच म्हणाला, "माफ... कर," आणि लुळा उजवा हात डाव्याने उचलून तिच्याकडे पुढे केला, तोच हात, ज्याची बोटं तिने एकेक करून मोकळी केली होती.

"नाही," ती म्हणाली.

तिने रुमालाने त्याचं तोंड पुसलं, ओठाच्या कोपऱ्यात साचलेलं काढलं, दंडाला पट्टा बांधला. रडून होईपर्यंत थांबली, कारण रडताना प्रेशर बरोबर येत नाही. मग घेतलं. "एकदम छान आहे," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "साखर ताब्यात आहे, छाती मोकळी झालीय. गिळणं सुधारलं. तुम्ही आता पुष्कळ जगाल, काका. आणि डोकं तल्लख राहील. मी बघेन त्याच्याकडे." तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. ते कळणं तिने त्याच्या चेहऱ्यावर, जिथे निम्म्या भागावर काही उमटत नसे, उरलेल्या निम्म्या भागावर पूर्ण उमटलेलं पाहिलं, आणि बॅग बंद केली.

काकू पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताला साबणाचा फेस तसाच. ती चपला घालून जिन्याकडे वळली, तेव्हा मागोमाग बाहेर आल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं.

"मला कधी विचारलं नाहीस तू," काकू म्हणाल्या.

इतक्या महिन्यांनी 'तू' आला होता. तिच्या मानेवर, वेणीच्या मुळाशी कुणीतरी हात ठेवल्यासारखं तिला झालं. ती पायरीवर थांबली.

"महिनेन् महिने त्यांच्या तोंडातून एकेक अक्षर ओढून काढलंस. मी इथेच होते. चहा करत होते. मला तर वाचा होती ना, अगं." काकूंचा आवाज फाटत होता. "तू येतेस म्हटलं की आदल्या रात्रीपासून मी मनात जुळवून ठेवायची. म्हटलं आज विचारेल, आज विचारेल. दाराच्या सगळ्यात जवळ मी होते. ते पलीकडे कठड्याशी होते, त्यांना तरी पावसातून ऐकू येत होतं. मी तर... सांगू का तुला? सगळं सांगते. ते काही बोलत होते आतून. अण्णा. थापेबरोबर बोलत होते. मला शब्द ऐकू आले. एवढं एकदा ऐकून घे, बस. मग काय हवं ते कर."

शब्द. अण्णांचे शब्द होते, आणि ते या बाईकडे होते, इतके दिवस, ओट्याशी, कपबशांमध्ये. तिचं सगळं अंग त्या दिशेने झुकलं. एक पायरी वर चढली तर ते मिळणार होते. तिने काकूंकडे पाहिलं. काकूंचे ओठ आधीच उघडलेले होते, गळ्यापर्यंत भरून आलेली बाई, ओतायला आतुर झालेली. आणि तिला दिसलं की हे मिळालं तर आपल्याला जेवढं मिळेल त्याहून जास्त या बाईचं सुटेल. आज रात्री ही झोपेल.

"नको," ती म्हणाली.

"अगं..."

"नको काकू. तुमच्याजवळच राहू द्या."

ती खाली उतरू लागली. वरून काकूंनी एकदा हाक मारली, मग जोरात, मग तिच्या लहानपणच्या, अण्णांनी ठेवलेल्या लाडक्या नावाने. जिन्यात ते नाव भिंतींवर आपटत तिच्या मागेमागे खाली आलं. ती थांबली नाही आणि घाईही केली नाही. एकेक पायरी, कठड्याला हात न लावता. खालच्या दाराशी पोचली तोवर वरचा आवाज थांबला होता.

बाहेर रस्ता धुतल्यासारखा उजळला होता. पुढच्या पेशंटची इमारत समोरच होती, पावलावर जखम असलेल्या म्हातारीची. ड्रेसिंगचं सामान आहे ना म्हणून तिने बॅग चाचपली. आता आपल्याला लाज वाटेल, असं तिला वाटलं. सावलीत उभी राहून ती लाजेची वाट बघत राहिली, जशी ती त्याच्या शब्दांची बघायची तशी, मन लावून. एक सायकलवाला गेला. कुणीतरी बाल्कनीतून चादर झटकली. लाज काही आली नाही. छातीत मोकळं वाटत होतं, खूप आतपर्यंत श्वास जात होता आणि त्याला कसलीतरी चव होती, गोडसर, धातूची. सोमवारी परत यायचं होतं. ती रस्ता ओलांडून गेली.